भटूभाईंच्या दोनशे त्र्याण्णव झिपा

भटूभाईंनी संस्थेला जो अर्ज केला, त्यात 'कृषिज्ञानाचे जतन' हे शब्द तीन वेळा आले होते आणि कलीमचं नाव एकदाही आलं नव्हतं. सरलाबाईंनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि नवऱ्याला विचारलं, "हाई बठ्ठं कलीमभाईकरता चाली ऱ्हायनं ना?"

"कलीमना काय संबंध? पुढली पिढीले उपयोग व्हई."

"कोनती पिढीले? आपली पोर भूमिका पुन्याले शे. तिनी कुंडीमा तुळस बी टिकस नही."

यावर भटूभाईंनी अर्जावर सही केली. वादात उत्तर सुचलं नाही की ते सही करत. कृषी खात्यातल्या तेहतीस वर्षांच्या नोकरीत जडलेली ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

गोष्ट रेडिओची होती. पंधरा वर्षांपूर्वी शहाद्याजवळच्या एका संस्थेनं एक लहानसं रेडिओ केंद्र काढलं होतं. त्याचा आवाज पंधरा किलोमीटरपलीकडे जात नसे, आणि वारा उलटा असला की तेवढाही जात नाही, असं श्रोते म्हणत. दर गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला त्यावर 'बांधावरून' हा कार्यक्रम लागे. पिकांचं भटूभाई सांगत आणि विहिरीवरच्या मोटारींचं कलीम. कलीमचं शहाद्यात मोटारी बांधायचं, म्हणजे रिवाइंडिंगचं, दुकान होतं. जळालेली मोटार नुसती हुंगून ती कशानं जळाली, हे तो सांगे. पिकाचा प्रश्न विचारणारा शेतकरी बोलता बोलता मोटारीवर येई, मोटारीचा विचारणारा पिकावर जाई, आणि त्यामुळे या दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे. पाच वर्षं हे चाललं. मग एका मंगळवारी, रेकॉर्डिंग चालू असतानाच, दोघांचं बिनसलं. तीन महिन्यांनी केंद्रही बंद पडलं आणि कलीम दुकान मोडून नंदुरबारला मुलीजवळ राहायला गेला. शहादा ते नंदुरबार अंतर चाळीस किलोमीटर. नऊ वर्षांत ते दोघांपैकी कुणालाच कापता आलं नव्हतं.

बिनसलं कशावरून, हे सांगायला भटूभाईंना आजही लाज वाटे. कळसाडीच्या एका श्रोत्यानं केळीची पानं पिवळी पडतात म्हणून विचारलं होतं. कळसाडी म्हणजे भटूभाईंचं स्वतःचं गाव. तेव्हा त्यांनी अंग झाडून उत्तर दिलं: पाणी जास्त होतंय, मुळांना हवा मिळत नाही, निचरा करा. तीन मुद्दे, तिसऱ्याचे दोन पोटमुद्दे. पोटमुद्द्यावर असतानाच कलीम मध्ये बोलला, "भटूभाई, पुस्तक मिटा. त्यानी मोटार मन्हा दुकानमा जयेल पडेल शे, आठ दिनपाईन. पानी कोठून जास्त व्हई?" आणि हसला. कलीमचं हसू फार मोठं होतं. पत्र्यावर हरभरे ओतावेत तसं ते सगळीकडे पसरे. गुरुवारी कार्यक्रम लागला आणि शुक्रवारी भाजीबाजारात भटूभाईंचं नाव 'पुस्तकभाई' पडलं. एकवेळ बाजाराचं सोसलं असतं. पण पुढच्या मंगळवारी कलीमनंच माइकवर "बोला, पुस्तकभाई" अशी सुरुवात केली. भटूभाईंनी कानावरचे हेडफोन काढले, त्यांची वायर नीट गुंडाळून ठेवली, कारण रागातही ते दुसऱ्याच्या वस्तूची हेळसांड करत नसत, आणि ते बाहेर पडले.

तेव्हापासून दर गुरुवारी साडेपाचला ते ओट्यावर खुर्ची टाकून बसत, जुना रेडिओ त्याच आकड्यावर लावत आणि दहा मिनिटं खरखर ऐकून बंद करत. सरलाबाई त्या वेळात मुद्दाम मागच्या अंगणात काहीतरी काम काढत.

संस्था जुने संगणक भंगारात काढणार, ही बातमी शेजारच्या नवनीतभाईंनी आणली. नवनीतभाईंना शहाद्यातली प्रत्येक बातमी ती घडायच्या आधी कळे आणि प्रत्येक गोष्टीतलं थोडंसं चुकीचं ज्ञान असे. "त्या रेडिओना बी कंप्युटर शे त्यामा," ते म्हणाले. "तुम्हनं बठ्ठं बोलनं भंगारमा जाई, भटूभाई."

आपलं बोलणं भंगारात जाणार, याचं भटूभाईंना फारसं काही वाटलं नाही. ते त्यांना पाठ होतं. पण रात्री जेवताना त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तो तसाच हातात धरून बसले. दुसऱ्या दिवशी अर्ज लिहिला.

संस्थेच्या कार्यालयात वीरसिंग नावाचे लिपिक होते. माणूस सज्जन, पण रजिस्टरला जागणारा. त्यांनी अर्ज वाचला, जडवस्तू नोंदवही काढली आणि बोट फिरवत म्हणाले, "संगणक एक, रंग करडा, अवस्था नादुरुस्त. बरोबर. पण त्याच्या आत काही असल्याची नोंद नाही."

"आत आवाज आहेत. दोन माणसांचे."

"असतील. पण ज्याची नोंद नाही, ती वस्तू मी तुम्हाला देऊ शकत नाही."

"मग जी वस्तू नाहीच, ती मी नेली तर तुमचं काय कमी होईल?"

वीरसिंगांनी यावर नोंदवही पुन्हा एकदा चाळली. मग "हे लेखी द्या," म्हणाले. भटूभाईंनी लिहून दिलं की, 'संस्थेच्या संगणकात नोंद नसलेली व म्हणून अस्तित्वात नसलेली ध्वनिमुद्रणे मी स्वखुशीने नेत आहे.' त्यावर सचिवांची सही व्हायला सव्वीस दिवस लागले. भटूभाईंना ते फार वाटले नाहीत. सरकारी नोकरीत त्यांनी स्वतः एका शेतकऱ्याला फवारणी पंपाच्या सहीसाठी यापेक्षा जास्त थांबवलं होतं, आणि तो सज्जन गृहस्थ नंतर फोन करून 'बांधावरून'मध्ये त्यांचे आभार मानत होता.

संगणक 'नादुरुस्त' अशी नोंद असूनही सुरू झाला, त्यामुळे वीरसिंग जरा अस्वस्थ झाले. आत झिपाच झिपा होत्या. केंद्रावर इरफान नावाचा तंत्रज्ञ होता. तो मोठा टापटिपीचा. प्रत्येक रेकॉर्डिंगचे तुकडे तो एका पुडीत बांधून ठेवी, अशी दाबून बांधलेली फाइल म्हणजे झिप, आणि वर तारीख घाली. अशा दोनशे त्र्याण्णव पुड्या. भटूभाईंचा पेन ड्राइव्ह लहान, म्हणून तीन हेलपाटे झाले: भरायचा, घरी आणून रिकामा करायचा, पुन्हा जायचं. भूमिकाच्या कॉलेजच्या वेळचा संगणक घरात होता. त्यावर क्रोशाचं आच्छादन असे आणि आच्छादनावर गणपती. गणपती हलवला गेला आणि काम सुरू झालं.

पहिली झिप उघडायला भटूभाईंना पाऊण तास लागला. तिच्यात चार तुकडे निघाले: एक, दोन, तीन, चार. पहिला सुरू केला. आधी खोकल्याचा आवाज आला. मग कलीम म्हणाला, "भटूभाई, चालू व्हयनं का हाई?" आणि हसला.

भटूभाईंनी उठून खोलीचं दार लावून घेतलं.

पंधरा दिवसांत सदतीस झिपा उघडल्या. वेग याहून वाढेना, कारण प्रत्येक उघडलेली झिप ते पूर्ण ऐकत. शिवाय नवनीतभाई खुर्ची ओढून शेजारी बसत. झिप उघडत नाही म्हटल्यावर त्यांचा सल्ला आला, "पँटनी चेन अडकस तवय मेणबत्ती घासतस." यावर संगणक बिचारा काय बोलणार? दुसरा सल्ला मात्र बरा होता. "असं एक-एक करशात ते उमर सरी जाई. इफ्फत मॅडमकडे जा."

शहाद्यात ज्याला ज्याला खाली न बघता टाइप करता येतं, त्याच्या बोटांवर इफ्फत मॅडमच्या पट्टीची आठवण आहे. पस्तीस वर्षांपूर्वी त्यांनी टायपिंगचा क्लास काढला होता. यंत्रं जाऊन संगणक आले, पट्टी राहिली. भटूभाई त्यांच्याहून वयानं मोठे, तरी त्यांच्यासमोर आपोआप हात मागे बांधून उभे राहिले.

"बसा. यासाठी बॅच फाइल लिहायची," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे हुकमांची यादी. एकदा लिहिली की संगणक ओळीनं सगळ्या झिपा स्वतः उघडतो. मी सांगते, तुम्ही टाइप करा. मी करून देणार नाही. करून दिलेलं कुणाला येत नाही."

मग त्या सांगू लागल्या. फॉर. टक्के टक्के एफ. इन. कंसात तारा डॉट झिप. डू. भटूभाईंनी दोनदा टक्के लिहिणं उधळपट्टी समजून एकदाच लिहिलं.

"दोन," मॅडम म्हणाल्या.

"एकात भागत नाही?"

"हुकमांच्या काळ्या खिडकीत हातानं लिहिलं तर एक. फाइलीत लिहिलं तर दोन."

"का?"

"तुमच्या खात्यात अर्ज एका प्रतीत चालायचा का?"

हे भटूभाईंना एकदम पटलं. त्यांनी दोन टक्के लिहिले, घरी आले, सरलाबाईंना, नवनीतभाईंना बोलावलं. चहा झाला. चालू करायच्या ओळीवर त्यांनी दोन बोटांनी, फीत कापावी तसं, दोनदा टिचकी मारली. काळी खिडकी उघडली आणि तिच्यातून पांढरी अक्षरं पुरासारखी वाहू लागली. "दखा," नवनीतभाई आदरानं म्हणाले, जणू ते पाणी त्यांनीच सोडलं होतं. मधूनच खिडकी थांबून काहीतरी विचारी, तेव्हा भटूभाई जे पहिलं बटण सापडेल ते दाबत. खरं तर ती विचारत होती की, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्यावरच लिहू का? आणि भटूभाईंनी दाबलेल्या बटणाचा अर्थ होता: हो, सगळ्यांवर लिही, पुन्हा विचारू नकोस.

दोन तासांनी अक्षरं थांबली. फोल्डर उघडला. आत चार फाइली होत्या. एक, दोन, तीन, चार.

इरफान टापटिपीचा होता खरा, पण त्यानं प्रत्येक पुडीतल्या तुकड्यांना तीच चार नावं दिली होती. दोनशे त्र्याण्णव पुड्यांतला माल एकाच डब्यात ओतला गेला होता, आणि प्रत्येक नवीन 'एक'नं जुन्या 'एक'ला गिळलं होतं. शेवटच्या पुडीतलं तेवढं उरलं. भटूभाईंनी ते लावलं. एक अनोळखी, गंभीर आवाज म्हणाला, "श्रोतेहो, काही अपरिहार्य कारणास्तव आपलं हे केंद्र आजपासून कायमचं बंद होत आहे. आपण दिलेल्या प्रेमाबद्दल..."

"उद्घाटनले हाई बरं नही वाटत," नवनीतभाई म्हणाले आणि बशीतला चहा संपवून घरी गेले.

मूळ झिपा शाबूत होत्या म्हणून निभावलं. इफ्फत मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, पट्टी टेबलावर आपटली नाही, नुसती ठेवली, आणि एक चिन्ह वाढवून दिलं. आता प्रत्येक झिप तिच्या तारखेच्या नावाची वेगळी खोली करून तिच्यात उघडणार होती. "आणि याच्यापुढे एक अक्षरही स्वतःच्या मनानं घालू नका," असं त्यांनी बजावलं.

भटूभाईंनी घातलं. त्याचं असं झालं की, दुसऱ्या खेपेला संगणक शंभराव्या झिपेच्या आसपास कण्हायला लागला. डिस्कवर जागा कमी पडत होती. पुडी बांधलेली असते तेव्हा लहान दिसते, सोडली की पसरते, हे किराणा दुकानात रोज बघूनही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. नवनीतभाई हजर होतेच. "ऊसना रस निंघी गया की चोयटा कोन घरमा ठेवस?" ते म्हणाले. "जी उघडी, ती फेका." दाखला शेतीतला होता आणि भटूभाई अखेर शेतकीतले. त्यांनी भूमिकाच्या संगणकाच्या जुन्या पुस्तकात बघून एक ओळ वाढवली: झिप उघड, मग ती पुसून टाक. मॅडमना विचारायला गेले नाहीत. गेले असते तर पुन्हा हात मागे बांधून उभं राहावं लागलं असतं, आणि साठी उलटलेल्या माणसाला ते रोज रोज बरं दिसत नाही.

संगणकानं हुकूम तंतोतंत पाळला. झिप उघड: उघडता येत नव्हती, कारण डिस्क पार भरलेली होती. मग ती पुसून टाक: हे करायला जागा लागत नाही. वरचा हुकूम पार पडला की नाही, हे बघूनच खालचा करायचा, असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं ओळीनं एक-एक झिप न उघडता पुसली. जागा मोकळी झाली की एखादी उघडे, पुन्हा चार पुसल्या जात. भटूभाई जेवून आले तेव्हा खिडकी शांत होती. दोन हजार तेराच्या जूनपासून पुढचं जवळजवळ सगळं गेलं होतं. कचरापेटीत बघितलं, तीही रिकामी. काळ्या खिडकीतून पुसलेलं कचरापेटीत जात नाही, सरळ जातं.

भटूभाई खुर्चीवर बसून राहिले. सरलाबाई आत आल्या, पडद्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. त्यांना संगणकातलं काही कळत नव्हतं, पण तेहतीस वर्षं त्या भटूभाईंचा चेहरा वाचत होत्या.

"भांडननी बी गयी?"

त्यांनी मान हलवली. सतरा मार्च दोन हजार पंधरा.

"मंग ती पहिले काबर नही उघडी? दोन महिनापाईन हाई चाली ऱ्हायनं. नाववर तारीख व्हती ना?"

होती. पहिल्याच दिवशी त्यांनी ती बघितली होती. माउसचा बाण तिच्यावर नेला होता आणि मग वर, दोन हजार नऊकडे, सरकवला होता. पुढली पिढी, कृषिज्ञान, सगळं खरं धरलं, तरी पाच वर्षांचं हसणं आधी ऐकून घ्यावं, मग ते ऐकू, असा त्यांचा हिशेब होता. हे बायकोला कसं सांगायचं ते न कळून ते म्हणाले, "क्रमवार चालनं पडस."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ते संस्थेच्या दारात उभे होते. वीरसिंग साडेदहाला आले. भटूभाईंनी घाईघाईनं सांगितलं की, ती नसलेली वस्तू पुन्हा हवी आहे.

"अहो, परवा भंगारचा टेम्पो येऊन गेला," वीरसिंग म्हणाले.

भटूभाईंनी भिंतीला हात टेकला.

"पण रिकामाच गेला," वीरसिंग पुढे म्हणाले. त्यांना वाक्य दोन हप्त्यांत सांगायची सवय होती. "रेडिओ विभागाच्या वस्तूंवर त्या वेळच्या सल्लागाराची ना-हरकत लागते. तीन स्मरणपत्रं पाठवली. उत्तर नाही. फार बेजबाबदार माणूस."

"कोण सल्लागार?"

वीरसिंगांनी फाइल उघडली. "भ. ल. पाटील, मुक्काम कळसाडी." मग त्यांनी वर बघितलं. भटूभाईंनी गाव सोडून शहाद्याला घर बांधल्याला बारा वर्षं झाली होती. पत्रं गावच्या बंद घराच्या दारात पडून असणार. आयुष्यात पहिल्यांदाच एका सहीच्या अभावानं काहीतरी वाचलं होतं, आणि तो अभाव त्यांचा स्वतःचा होता.

"सही आत्ता देतो," भटूभाई म्हणाले. "पण आधी ती एक फाइल घेऊ द्या."

वीरसिंगांनी अर्ज मागितला नाही. त्यांनी स्वतः संगणकाची पिन लावली.

या वेळी भटूभाईंनी टक्के लिहिले नाहीत, बॅच फाइल केली नाही. एकच झिप. घरी आणून हातानं उघडली. सरलाबाई मागच्या अंगणात जायला निघाल्या, तर ते म्हणाले, "बस."

पहिल्या तुकड्यात "बोला, पुस्तकभाई" होतं. ऐकताना वाटलं, एवढंच? नऊ वर्षं ते कानात याहून कितीतरी जोरात वाजत होतं. मग खुर्ची सरकली. दार आपटलं. भटूभाईंच्या आठवणीत मात्र त्यांनी ते अगदी शांतपणे लावलं होतं.

इरफानचा आवाज आला, "बंद करू का, चाचा?"

"ऱ्हाऊ दे," कलीम म्हणाला. "येई तो. पानी पियाले गया व्हई."

आणि मग काहीच नाही. पंखा फिरत होता. एक मिनिट, दोन, चार. इरफान पुन्हा म्हणाला की, मोटारींचं तेवढं करून टाकू. कलीम म्हणाला, "एकला काय बोलू? कपाशीनं माले काय समजस?" पुन्हा पंखा. मग चपलांचा आवाज, दार उघडल्याचा, आणि लांबून, भिंतीपलीकडून, रस्त्याच्या बाजूनं एक बारीक हाक: "भटूभाई! ओ भटूभाई!" थोड्या वेळानं पुन्हा एकदा, आणखी लांबून. मग इरफाननं बटण दाबलं असावं.

भटूभाईंनी शेवटचं मिनिट सात वेळा ऐकलं.

"तुम्हीन कोठे व्हतात?" सरलाबाईंनी विचारलं.

नऊ वर्षांत हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. ते घरी गेलेच नव्हते. इमारतीच्या मागच्या दाराशी सायकल स्टँड होता. तिथल्या कट्ट्यावर ते वीस मिनिटं बसून राहिले होते. कलीम बोलवायला येईल, मग आपण थोडे आढेवेढे घेऊ, मग जाऊ, असं त्यांनी ठरवलं होतं. आढेवेढ्याची वाक्यंसुद्धा जुळवली होती. कुणी आलं नाही. तेव्हा ते उठले, आणि ते 'कुणी आलं नाही' बरोबर घेऊन घरी गेले.

"मांगला दारले," ते म्हणाले.

सरलाबाईंनी उठून नवऱ्याचा इस्त्रीचा शर्ट काढला.

कलीमचा नंबर लागला नाही. तेव्हा ते सकाळच्या बसनं निघाले. प्रकाशाच्या पुलावर तापी दिसेपर्यंत त्यांनी मनातल्या मनात काय बोलायचं ते तीन मुद्द्यांत बसवलं होतं. हळू आवाजात, मोजकं, कुणाला ऐकू जाणार नाही असं. नंदुरबारला विचारत विचारत ते कलीमच्या मुलीच्या गल्लीत पोहोचले. दारात बाजेवर कलीम बसला होता. केस पांढरे झाले होते आणि माणूस अर्धा. तो तांब्याच्या तारेचा गुंता सोडवत होता. त्यानं वर बघितलं, तार खाली ठेवली आणि बाजेवर सरकून जागा केली. नमस्कार नाही, 'कसा काय आलास' नाही.

भटूभाई बसले आणि पहिला मुद्दा हळूच सुरू केला.

"काय?" कलीम म्हणाला.

आतून त्याची बायको हाजराबी पाणी घेऊन आली. "जोर से बोलना पडेगा, भाई," ती म्हणाली. "चालीस साल मोटारां के बाजू में बैठे ना. सीधे हाथ का कान गया."

भटूभाईंनी मोबाइल काढला, ते शेवटचं मिनिट लावलं आणि कलीमच्या डाव्या कानाशी धरलं. कलीम डोळे मिटून ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू ओळख पसरली.

"पंखा शे," कलीम म्हणाला. "बेरिंग गयेल शे त्यानं."

हाक त्याला ऐकू आलीच नव्हती. ती फार बारीक होती. आता दुसरा इलाज उरला नव्हता. भटूभाईंनी इकडेतिकडे बघितलं. समोर एक बाई तांदूळ निवडत होती, पलीकडच्या दुकानात दोघंजण लाकूड तासत होते. ज्या माणसानं एका टोपणनावासाठी नऊ वर्षं बाजाराचा रस्ता बदलला, तो भर गल्लीत तोंडाशी हात धरून ओरडला, "तू माले हाक मारी व्हती! मी मांगला दारले बठेल व्हतू! माले ऐकू नही उनी!"

रंधा थांबला. तांदूळ निवडणारीचा हात सुपातच राहिला.

"काय?" कलीमनं कान पुढे केला.

भटूभाई पुन्हा ओरडले. आवाज फाटला. शेजारच्या खिडक्या उघडल्या.

"काय?"

तिसऱ्यांदा ओरडताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते ओरडण्यामुळे आलं, असं ते पुढे सांगत असत. कलीम मान खाली घालून ऐकत होता आणि त्याचे खांदे हलत होते. हाजराबी दारात उभी होती. ती पदरानं डोळे टिपत म्हणाली, "भाई, पहली बार में ही सुन लिया इनोंने. बायां कान चलता है."

भटूभाईंनी कलीमकडे पाहिलं. कलीमनं मान वर केली नाही.

"आखो सांग," तो म्हणाला. "नऊ वरीसनं शे. तीनदा सांगीसन भागनार नही."

भटूभाई त्याच्या डाव्या बाजूला सरकले आणि चौथ्यांदा सांगितलं. या वेळी हळू.